साडेसात लाखांचं कर्ज, पत्रकारितेची पदवी आणि वडिलांची सही

यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यातल्या एका भावाचा प्रश्न आहे. धाकटी बहीण यंदा बी.ए. झाली, तिला पत्रकार व्हायचंय. पुण्यातल्या एका खासगी संस्थेत दोन वर्षांच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला तिचा नंबर लागला. फी, राहणं, खाणं धरून खर्च साडेसात लाख. बँकेतले साहेब म्हणतात, तारण नको, वडिलांची सही पुरे. वावर सात एकर, सगळं कोरडवाहू. घरात दोन तट पडलेत. पंचवीस हजार भरून सीट धरून ठेवली आहे. प्रश्न एवढाच: नोकरी लागेल का आणि कर्ज फिटेल का?

भाऊ, मी २००१ साली तालुका वार्ताहर म्हणून सुरुवात केली, तुमच्याच भागातून. मानधन महिना तीनशे रुपये, तेही तीन-तीन महिने थकायचं. बातमी हाताने लिहायची, पाकिटात घालायची आणि संध्याकाळच्या एसटीच्या कंडक्टरच्या हातात द्यायची. गाडी वाटेत पंक्चर झाली की बातमी शिळी. पुढे अमरावतीला डेस्कवर आले. गेली दहा-अकरा वर्षं नव्या पोरापोरींच्या मुलाखती घेते, म्हणून पगाराचे आकडे मला माहितीपत्रकात वाचावे लागत नाहीत. ते माझ्यासमोरच ठरतात.

तुमच्या एका प्रश्नात तीन प्रश्न आहेत. बहिणीने पत्रकार व्हावं का, हा पहिला. त्यासाठी हीच पदवी याच किमतीला घ्यावी का, हा दुसरा. आणि पगार कमी पडला तर हप्ता कोणाच्या खिशातून जाणार, हा तिसरा. घरात भांडण पहिल्यावर चाललंय असं दिसतं. खरी अडचण दुसऱ्या-तिसऱ्यात आहे.

आधी हप्त्याचं बघू, कारण ते गणित आहे आणि त्यात मतभेदाला जागा नाही. शैक्षणिक कर्जात शिक्षण चालू असताना आणि त्यानंतर साधारण वर्षभर हप्ता नसतो. पण व्याज चढत असतं, हे बँकेत कोणी मोठ्याने सांगत नाही. समजा व्याजदर १० टक्के आणि रक्कम दोन वर्षांत अर्धी-अर्धी उचलली. पहिल्या पावणेचार लाखांवर तीन वर्षांचं आणि दुसऱ्या पावणेचार लाखांवर दोन वर्षांचं सरळव्याज मिळून १ लाख ८७ हजार होतं. म्हणजे हप्ता सुरू होईल त्या दिवशी कर्ज साडेसात लाख नसेल, ९ लाख ३७ हजार असेल. ते दहा वर्षांत फेडायचं तर महिना सुमारे १२,४०० रुपये. पंधरा वर्षं घेतली तर १०,१०० च्या आसपास, पण मग एकूण भरणा अठरा लाखांवर जातो.

हाच आकडा वावराच्या भाषेत मांडते. २०२५-२६ च्या हंगामाला सोयाबीनचा हमीभाव ५,३२८ रुपये क्विंटल होता. दहा वर्षांच्या हिशेबाने वर्षाचा हप्ता होतो दीड लाखाला थोडा कमी, म्हणजे २८ क्विंटल सोयाबीन. तेही हमीभावाने विकलं तर, आणि बाजार समितीत हमीभाव किती वेळा मिळतो ते तुम्ही मला सांगावं. कोरडवाहू सात एकरांत बियाणं, खत, फवारणी, मजुरी वजा जाता २८ क्विंटल हातात उरतात का? उरत असते तर हा प्रश्न तुम्ही विचारलाच नसता.

आता दुसरी बाजू, पगार. इथे परिस्थितीवर बरंच अवलंबून असतं हे मान्य करूनच सांगते. विदर्भातल्या मराठी दैनिकात नव्या उपसंपादकाला माझ्या पाहण्यात महिना १२ ते १८ हजार मिळतात. पुण्या-मुंबईत वेबसाइटच्या किंवा चॅनेलच्या डिजिटल डेस्कवर १८ ते २५ हजार. तिसऱ्या वर्षापर्यंत टिकला आणि हात चांगला असला तर माणूस पंचवीस-तीस हजारांच्या घरात जातो. यापेक्षा जास्त कमावणारे आहेत, मला माहीत आहेत, पण बँकेचा हप्ता अपवादाच्या भरवशावर घ्यायचा नसतो. पुण्यात खोलीतली एक कॉट, मेस, बसपास आणि मोबाइल धरून अकरा-बारा हजार सहज जातात. वीस हजारांत खर्च जाऊन उरतात आठ-नऊ, आणि हप्ता आहे बारा हजार चारशे. बाकीचे कुठून येणार? गावाहून.

कोणी तुम्हाला सांगेल की पत्रकारांसाठी सरकारी वेतन मंडळ असतं. होतं. मजिठिया वेतन मंडळाच्या शिफारशी ११ नोव्हेंबर २०११ ला अधिसूचित झाल्या, ७ फेब्रुवारी २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाने त्या कायम केल्या. कागदावर ती श्रेणी चांगली होती. पण नवी भरती कंत्राटावर होते, आणि माझ्या शेजारी बसणाऱ्या तिशीच्या आतल्या एकालाही त्या श्रेणीत पगार नाही. तेव्हा तो आकडा हिशेबात धरू नका.

गावी परत येऊन बातमीदारी करीन, असं बहीण म्हणत असेल तर तेही नीट समजून घ्या. तालुक्यात पगार नसतो, मानधन असतं. काही ठिकाणी पाचशे, काही ठिकाणी दोन-तीन हजार. उरलेलं सगळं जाहिरातीच्या कमिशनवर. १५ ऑगस्ट, २६ जानेवारी, दिवाळी आणि स्थानिक नेत्याचा वाढदिवस हे तालुक्याच्या बातमीदाराचे खरे सुगीचे दिवस. ज्या सरपंचाच्या विहिरीच्या कामाची बातमी जुलैत लिहिली, त्याच्याच दारात ऑगस्टमध्ये शुभेच्छा जाहिरातीसाठी उभं राहावं लागतं. मीही राहिले आहे. एकदा एका सरपंचाने चहा पाजला, जाहिरात दिली आणि हसत म्हणाला, "ताई, थे विहिरीचं आता जाऊ द्या बाप्पा." मी जाऊ दिलं. मला ते अजून टोचतं, आणि तेव्हा माझ्या डोक्यावर कर्ज नव्हतं. महिना बारा हजारांचा हप्ता असलेली पोरगी अशा वेळी काय करील, याचा विचार मी मुलाखतीला आलेल्या प्रत्येक कर्जदार उमेदवाराकडे पाहून करते. कर्जाचा हा खर्च कुठल्याच तक्त्यात येत नाही.

मग पदवीचा उपयोग काय? आहे, पण लोकांना वाटतो तिथे नाही. मी उमेदवाराला एक प्रेस नोट देते. अतिवृष्टीच्या पंचनाम्याची असते, महसूल मंडळनिहाय बाधित क्षेत्र आणि खाली एकूण. अर्ध्या तासात अडीचशे शब्दांची बातमी लिहायची. त्यात मी एक गंमत करून ठेवते: मंडळांची बेरीज केली तर ती खालच्या एकूण आकड्याशी जुळत नाही. बहुतेक जण तो एकूण आकडा उचलतात आणि सुरेख भाषेत बातमी करून देतात. इतक्या वर्षांत ज्यांनी चूक पकडली त्यांत एक कृषी पदवीधर होता, एक बी.कॉम. झालेली होती, एक जण तलाठ्याचा मुलगा. एक मुलगी खरोखर पत्रकारितेची पदवीधर होती, सरकारी विद्यापीठातली. महागड्या संस्थेतून आलेले कॅमेऱ्यापुढे छान बोलतात, ते मी कमी लेखत नाही. पण बेरीज करत नाहीत.

दुसऱ्या बाजूने माझी स्वतःची उणीवही सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल हिला शिक्षणाचंच वावडं आहे. जुलै २००६ मध्ये विदर्भातल्या सहा आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पंतप्रधान पॅकेज जाहीर झालं. त्याच्या मागेपुढे दिल्ली-मुंबईचे पत्रकार यवतमाळात उतरत होते. आम्ही स्थानिक त्यांना गाडीवर बसवून गावोगाव फिरवायचो, वऱ्हाडीचं हिंदी करून सांगायचो. त्यांना डवरणी (पिकातली कोळपणी) म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं, बँकेचं पीककर्ज आणि सावकाराचं कर्ज एकाच घरात कसं नांदतं ते कळत नव्हतं. मला सगळं कळत होतं. पण देशाच्या दुसऱ्या टोकाच्या वाचकाला समजेल असं ते मांडणं मला येत नव्हतं. मला इंग्रजी वाचता यायचं, लिहिता यायचं नाही. आकड्यांचा तक्ता समोर आला की मी पान उलटायची. बातमी माझ्या गावची, नाव त्यांचं. चांगल्या शिक्षणाने ही उणीव भरून निघते. तुम्ही पैसा लावायचाच असेल तर बहीण इंग्रजीत लिहायला, आकडे वाचायला, माहिती अधिकाराचा अर्ज करायला, व्हिडिओ कापायला शिकेल अशा ठिकाणी लावा. स्टुडिओ केवढा आहे ते बघू नका.

आणि हे अमरावती-नागपुरात मिळतं. भारतीय जनसंचार संस्थेचं विभागीय केंद्र अमरावतीत आहे, मराठी पत्रकारितेचा पदव्युत्तर पदविका अभ्यासक्रम तिथे चालतो, आणि ही संस्था २०२४ पासून अभिमत विद्यापीठ आहे. नागपूरला तुकडोजी महाराज विद्यापीठाचा जनसंवाद विभाग आहे. वर्ध्याला महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालयात जनसंचार आहे. चॅनेलकडे जायचं असेल तर हिंदीचा फायदा होतो. नोकरी सांभाळून शिकायचं असेल तर यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहेच. माझ्या हिशेबाने अमरावतीत एक वर्षाची पदविका राहण्या-खाण्यासकट दीड-पावणेदोन लाखांत बसते. त्यातले दीड लाख कर्ज काढलं तर हप्ता सुरू होताना ते साधारण १ लाख ८० हजार होतं आणि पाच वर्षांसाठी हप्ता येतो ३,८०० रुपये. पंधरा हजार पगारातूनही तो निघतो, दात-ओठ खाऊन का होईना.

मी एक नियम पाळायला सांगते, कोणत्याही पुस्तकातला नाही, माझा स्वतःचा: नोकरी लागेल तेव्हाचं कर्ज पहिल्या वर्षाच्या एकूण पगाराच्या वर जाऊ देऊ नये. तुमच्या बहिणीच्या बाबतीत तो पगार दोन लाखांच्या आसपास धरा. पुण्याचा पर्याय त्याच्या जवळजवळ पावणेपाच पट जातो, अमरावतीचा त्यात मावतो.

मोठं कर्ज कधीच काढू नये असं मी म्हणत नाही. नेरकडच्या एका मुलाने सहा लाख काढून असाच अभ्यासक्रम केला आणि सगळे फेडले. पण तो आता पुण्यात एका बिल्डरच्या कंपनीत जाहिरातीचा मजकूर लिहितो. सुखात आहे, आईला मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी पुण्याला नेलं, मला दिवाळीला फोन करतो. जनसंपर्क, जाहिरात, कॉर्पोरेट कम्युनिकेशन इथे पगार बरे आहेत आणि तिथे पुण्यातल्या ओळखी उपयोगी पडतात. बहिणीचा ओढा तिकडे असेल तर गणित थोडं बदलतं. तेवढं तिला स्पष्ट विचारा. पोलीस ठाण्यात जाऊन एफआयआर वाचायला तिला आवडेल, की ब्रँडसाठी लिहायला? दोन्ही प्रामाणिक कामं आहेत, पण दुसऱ्या कामाच्या पगारावर काढलेलं कर्ज पहिल्या कामातून फिटत नाही.

संस्थेचा माणूस तुम्हाला 'सर्वाधिक पॅकेज' सांगेल. त्याला मधल्या पोराचं विचारा. वर्गात चाळीस असतील तर विसाव्या क्रमांकाच्या मुलाला काय मिळालं? किती जण बातम्यांच्या कामात आहेत, किती जनसंपर्कात, किती 'उच्च शिक्षण घेत आहेत'? मागच्या वर्षीच्या पाच मुलांचे नंबर मागा आणि बहिणीला स्वतः फोन करू द्या. नंबर देण्यात टाळाटाळ झाली तर तेच उत्तर समजा. प्रमाणपत्रावर कोणत्या विद्यापीठाचं नाव येणार तेही विचारा. जिल्हा माहिती कार्यालयासारख्या सरकारी जागांसाठी मान्यताप्राप्त पदवी-पदविका लागते, संस्थेने स्वतः छापलेला कागद तिथे चालत नाही.

योजनांबद्दल दोन गोष्टी. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न साडेचार लाखांपर्यंत असेल तर शिक्षणाच्या काळातलं आणि पुढच्या वर्षाचं व्याज केंद्र सरकार भरतं अशी योजना आहे, पण ती तांत्रिक आणि व्यावसायिक अभ्यासक्रमांपुरती, तीही मानांकन असलेल्या संस्थांसाठी. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेली पीएम विद्यालक्ष्मी ठरावीक दर्जेदार संस्थांसाठीच आहे. उत्पन्न आठ लाखांपर्यंत असेल तर त्यात दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर तीन टक्के व्याजसवलत मिळते. 'आमच्याकडे सवलत लागू आहे' हे संस्थेच्या तोंडून ऐकून सही करू नका, बँकेकडून लेखी घ्या. शिवाय महाडीबीटी या राज्याच्या संकेतस्थळावरची शिष्यवृत्ती आणि राहण्या-खाण्याला मदत देणाऱ्या स्वाधार, स्वयं, सावित्रीबाई फुले आधार या योजना यांतलं तुमच्या प्रवर्गाला काय लागू होतं ते समाजकल्याण, आदिवासी विकास किंवा इतर मागास बहुजन कल्याण कार्यालयात जाऊन विचारा. व्यवस्थापन कोट्यातल्या सीटला शिष्यवृत्ती मिळत नाही. आणि कोणी शैक्षणिक कर्जाच्या व्याजावरची करसवलत दाखवली तर हसून सोडून द्या. ज्या पगाराला करच लागत नाही त्याला सवलत कशातून?

आता वडिलांची सही. बँकेतले साहेब तारण नको म्हणतात ते खरं आहे, साडेसात लाखांपर्यंत ते लागत नाही. पण वडील सहकर्जदार होतात, म्हणजे कर्ज त्यांचंही. नव्वद दिवस हप्ता थकला की खातं एनपीए, म्हणजे थकीत, आणि वडिलांचं सिबिल, म्हणजे कर्जफेडीची पत, खाली. मग खरिपाच्या तोंडावर पीककर्जाच्या नूतनीकरणाला ते त्याच शाखेत जातात. सरकार सांगतं की पीककर्जाला सिबिल मागू नका, बँका मागतात. वेळेत फेडलेल्या पीककर्जाला पंजाबराव देशमुख योजनेमुळे तीन लाखांपर्यंत व्याज पडत नाही, ते गमावून सावकाराकडे जायची वेळ येऊ शकते. माझ्या एका सहकाऱ्याच्या वडिलांना असंच जून महिन्यात रिकाम्या हाताने परत यावं लागलं. पोराने तो आठवडा रजा घेतली आणि कोणाशी बोलला नाही. आणखी एक: २०१७ ची कर्जमाफी झाली, २०१९ ची झाली, दोन्ही शेतीकर्जाच्या. शैक्षणिक कर्जाला माफीची आशा ठेवू नका.

तुम्ही न लिहिलेली एक गोष्ट मीच काढते, कारण ती घरात बोलली जात असणार: लग्न झाल्यावर पोरीचं कर्ज कोण फेडणार? हा प्रश्न वाईट नाही, पण तो तिच्यासमोर बसून बोला, तिच्यामागे नको. हप्ता ३,८०० असेल तर ती तो स्वतःच्या पगारातून घेऊन कुठेही जाऊ शकते. १२,४०० असेल तर तिचं लग्न, नोकरी बदलणं, नोकरी सोडणं, सगळं त्या आकड्याला विचारून ठरेल. लहान हप्ता मला मुलींसाठी जास्त महत्त्वाचा वाटतो तो यासाठी. रात्रपाळी संपून दीड वाजता खोलीवर जायला रिक्षा परवडत नाही म्हणून चांगल्या पोरी हा धंदा सोडताना मी पाहिल्या आहेत.

म्हणून माझं मत: तिला पाठवा, पण पुण्याला साडेसात लाखांवर नको. यंदा अमरावती-नागपूरची प्रवेशाची वेळ निघून गेली असेल तर एक वर्ष थांबलं तरी बिघडत नाही. त्या वर्षात तिने दर आठवड्याला एक बातमी लिहावी. दारव्हा बाजार समितीतले भाव, प्राथमिक आरोग्य केंद्रात सापाच्या चाव्यावरचं औषध आहे की नाही, रोजगार हमीची थकलेली मजुरी. त्यासाठी पदवी लागत नाही, गावाच्या बाहेर जावं लागत नाही. पन्नास बातम्यांची फाइल घेऊन आलेली पोरगी माझ्यासमोर बसली तर मी तिचं प्रमाणपत्र शेवटी बघते.

राहिले भरलेले पंचवीस हजार. ते बुडतील म्हणून साडेसात लाखांत पडू नका. संस्था विद्यापीठ अनुदान आयोगाच्या कक्षेतली असेल तर परताव्याचे नियम आहेत: प्रवेशाच्या जाहीर शेवटच्या तारखेच्या पंधरा किंवा जास्त दिवस आधी अर्ज दिला तर प्रक्रिया शुल्क कापून पूर्ण रक्कम, त्यानंतर त्या तारखेपर्यंत ९० टक्के, तारीख उलटल्यावर पंधरा दिवसांपर्यंत ८० टक्के, तीस दिवसांपर्यंत ५० टक्के, पुढे काही नाही. अर्ज ईमेलने करा, प्रत स्पीड पोस्टाने पाठवा, पावती जपून ठेवा. मूळ मार्कशीट आणि टी.सी. त्यांच्याकडे जमा असतील तर त्याच अर्जात परत मागा. शेवटची तारीख कोणती ते आजच बघा.